भंतेजींसाठी काटोलचा कोंबडा

भिक्खूला जेवायला बोलावून, पाटावर बसवून, समोर भरलेलं ताट ठेवून, मग एका वाक्यात त्याच्या तोंडचा घास काढून घेणारी आमच्या नागपूरच्या इंदोरा वस्तीतली एकमेव बाई मी आहे. याचा मला अभिमान नाही. पण दुसरीचं नाव कोणी घेतलं तर मी ऐकूनही घेणार नाही!

माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि वस्तीला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन पंधरा-सोळा. आमचे हे विद्यापीठात पाली विभागात कारकून होते. त्याच विभागात थायलंडचे एक तरुण भंतेजी शिकायला होते. अंगानं काडी, चेहरा सदा हसरा. रोज वस्तीतल्या एका घरी त्यांचं भोजनदान असे, म्हणजे दोन वर्षं त्यांनी वरण-भात, वांग्याची भाजी आणि पुन्हा वरण-भात खाल्ला होता. मराठीही ते वस्तीतच शिकले. डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, मौद्याकडचा कोणी पाहुणा बोलतो आहे.

त्यांचं शिक्षण संपलं. रविवारी दुपारच्या गाडीनं ते कलकत्त्याला आणि तिथून मायदेशी निघणार होते. शेवटचं भोजनदान आमच्याकडे आलं. तेव्हा एक दिवस हे घरी येऊन म्हणाले, "भंतेजी आज बोलता बोलता आईच्या हातच्या कोंबडीबद्दल सांगून राहिले होते. फल्लीदाण्याच्या रसातली. चार वर्षं झाली म्हणे आईच्या हातचं खाऊन."

चार वर्षं! मी उमरेडची. नागपूरहून उमरेड एसटीनं किती लांब? तरी सासरी आल्यावर चौथ्या दिवशी आईच्या हातच्या भाकरीसाठी मोरीत बसून रडले होते. माझं काळीज पाणी पाणी झालं.

"मी करते," मी म्हटलं.

"तुले येते?"

"त्यात काय न येण्यासारखं हाय?"

(माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक फजितीची सुरुवात याच वाक्यानं झाली आहे. लग्नालाही मी हेच म्हणून होकार दिला होता.)

सासूबाईंना शंका होती. "भंतेजी कोंबडी खातेत का पण?"

"मी विचारलं होतं," हे म्हणाले. "पात्रात जे पडन ते भिक्खू खातो, म्हणाले."

ही अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी विचारायचं कोणाला सुचलं नाही.

भंतेजी बोलले तेवढं ह्यांनी एका लिफाफ्यामागे टिपून आणलं होतं. कोंबडी, नारळाचं दूध, भाजलेले दाणे, गवती चहा, चिंच, गूळ, लाल मिरची, माशाचं पाणी, खाली उकडलेला पालक. संपलं! कशात किती, कधी, कसं, काही नाही. विचारलं तर म्हणाले, "भंतेजीनं स्वतः कुठं केली? लहानपणी आई करे, ते बाजूले बसून पाहेत."

पहिला घोळ नारळानं केला. आमच्याकडे दीक्षेनंतर नारळ येणं बंद झालं होतं. पूजा नाही, फोडायचा कशाला? त्यामुळे शनिवारी सकाळी मी पिशवीतून दोन नारळ घेऊन गल्लीत शिरले आणि शेजारच्या शेवंताबाई ओसरीवरून उठूनच उभ्या राहिल्या. शेवंताबाई म्हणजे आमच्या विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. नजर अशी की पिशवीतलं दिसावं.

"काहून वं, नारळ काहून?"

"भाजीले."

"भाजीले? भाजीत नारळ कोण टाकते वं? खरं सांग. घरात काही मांडलं तं नाई न लपून?"

अर्ध्या तासात वस्तीभर झालं की पाली विभागातल्या कारकुनाच्या बायकोनं घरात देव बसवला. संध्याकाळपर्यंत चार बायका मीठ मागायला, विळी मागायला आणि सहज म्हणून येऊन आमचे कोनाडे तपासून गेल्या. शेवटी मी चिडून ओसरीवरून ओरडलेच, "भंतेजीसाठी कोंबडी करून राहिली मी! नारळाच्या दुधात!"

नारळ परवडला म्हणायची वेळ आली.

"भंतेजीले कोंबडी?" शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. "मायबाई! लाज हाय का नाई वं तुले?"

"त्यायच्या देशात खातेत!"

"अन् बाधलं तं? गाडीत बसाचं हाय त्यायले. दोन वर्षं आमी जपलं त्या लेकराले, अन् तू जाताजाता मारशीन!"

आता माघार कशी घ्यायची? मी रागीट आहे. समोरच्यानं चुकीच्या सुरात बरोबर सांगितलं तरी मी उलटंच करते.

दुसरा घोळ माशाच्या पाण्यानं केला. ते काय असतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी बाजारातून सुकट आणली आणि मीठ घालून उकळत ठेवली. दहा मिनिटांत सासूबाई नाकाला लुगडं लावून अंगणात गेल्या. पंधराव्या मिनिटाला भिंतीवर पाच मांजरी येऊन बसल्या. पाचवी तर आमच्या गल्लीतलीही नव्हती.

"सूनबाई," सासूबाई बाहेरूनच म्हणाल्या, "हे भंतेजीले पाजशीन का त्यायले पळवून लावशीन?"

रविवार उजाडला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. भिक्खूंचं दिवसाचं जेवण दुपारी बाराच्या आत संपावं लागतं. बारा वाजले की दुसऱ्या सकाळपर्यंत अन्नाचा कण नाही. आमच्या वस्तीत हे घड्याळ बघून नव्हे, मिलचा भोंगा ऐकून पाळत. भोंगा वाजला की ताट सरलं. त्यातून त्या दिवशी भंतेजींना पुढे दीड दिवसाचा रेल्वेचा प्रवास. म्हणजे माझ्या घरून ते उपाशी उठले तर उपाशीच गाडीत बसणार. रात्रभर मला हेच दिसत होतं.

कोंबडी बाजारातून तयार आणायची असं ठरलं होतं. पण सासूबाईंचे भाऊ, काटोलचे मामाजी, यांना कुणकुण लागली. सकाळी पहिल्या एसटीनं ते हजर झाले. काखेत एक कोंबडा, हातात संत्र्याची पिशवी.

"पाहुण्याले बाजारातली कोंबडी?" मामाजी दारातूनच गरजले. "अन् तोही परदेशी पाहुणा? आपल्याकडं पाहुणा आला का घरचा कोंबडा कापतेत. रीत हाय ते!"

रीतीपुढे कोण बोलणार! मामाजींनी मागच्या अंगणात कोंबडा कापला. काटोलचा गावरान कोंबडा तो. सकाळ-संध्याकाळ संत्र्याच्या बागेत धावून कमावलेलं शरीर. आठला शिजायला टाकला, नऊला तसाच. साडेनऊला मी एक तुकडा दातानं तोडून पाहिला, तर दातच हलला. सासूबाईंनी पपईचा तुकडा टाकला. मामाजी म्हणाले, "मस्त पाहून आणला व्हता!"

"मस्तच हाय," मी म्हटलं, "अजून हार मानली नाई त्यानं."

मधल्या वेळात नारळाचं दूध फाटलं. ते सावरायला मी दाण्याचं वाटण ओतलं, तर रस इतका घट्ट झाला की पळी त्यात उभी राहिली. पाणी घातलं, पातळ झालं. गूळ जास्त पडला म्हणून चिंच, चिंच जास्त झाली म्हणून मिरची. हे दर पाच मिनिटांनी डोकावून वेळ सांगत. "सव्वादहा." "दहा वीस." "साडेदहा, बरं का."

"मले दिसते घड्याळ!" मी ओरडले. (घरात भिंतीवर घड्याळ नव्हतं. एकच घड्याळ होतं आणि ते ह्यांच्या मनगटावर होतं.)

आणि काय सांगू! पावणेअकराला कोंबडा हरला. तुकडा बोटानं दाबला आणि मऊ लागला. रस तांबूस, तकाकीदार, वर तेलाचा तवंग, गवती चहाचा वास. मी चाखून पाहिलं. असलं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं, पण चांगलं लागत होतं! सासूबाईंनी बोट चाटलं आणि पुन्हा बोट घातलं. याहून मोठं प्रशस्तिपत्र त्या घरात कोणाला मिळालेलं नाही.

अकराला भंतेजी आले. मागोमाग, आमंत्रण नसताना, शेवंताबाई येऊन दाराला टेकल्या. वंदना झाली, पंचशील झालं. प्राणिहत्या करणार नाही, हे पहिलंच शील म्हणताना माझं अर्धं लक्ष पातेल्याकडे होतं, याची आजही लाज वाटते. मग मी ताट केलं. खाली हिरवागार पालक, त्यावर कोंबडी, वर दाण्याचा रस, बाजूला भाताची मूद. दोन्ही हातांनी ताट पुढे केलं.

भंतेजींनी वास घेतला. हसरा चेहरा एकदम शांत झाला. डोळे मिटले. ताटाकडे बघत हळूच म्हणाले, "घर!"

माझा ऊर भरून आला. भंतेजींनी घास केला. हात तोंडाकडे निघाला. आणि तेवढ्यात दारातून शेवंताबाईंची कुजबुज आली. त्यांची कुजबुज म्हणजे पलीकडच्या जरीपटका वस्तीपर्यंत ऐकू जाईल अशी.

"शेवटच्या दिवशी बाजारातली शिळी कोंबडी चारून राहिली भंतेजीले."

शिळी? बाजारातली? दोन दिवस ऐकून घेतलं होतं मी!

"अवं शेवंताबाई, बाजारातली कोनाले म्हणता? काटोलहून जिता कोंबडा आणला! आज सकाळी मागच्या अंगणात कापला!" आणि भंतेजींना ऐकू गेलं नसेल तर, म्हणून त्यांच्याकडे वळून, हात जोडून, सगळ्या अभिमानानं म्हटलं, "खास तुमच्यासाठी कापला, भंतेजी! तुमच्यासाठीच!"

भंतेजींचा हात तोंडापासून चार बोटांवर थांबला. त्यांनी घास ताटात परत ठेवला.

"ताई," ते म्हणाले, "हे मले सांगाले नोको होतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. भिक्खू मांस खाऊ शकतो. पण हा जीव आपल्यासाठी मारला असं त्यानं पाहिलं, ऐकलं किंवा त्याला तशी शंका आली, तर चालत नाही. "पायलं नव्हतं. शंका नव्हती," भंतेजी म्हणाले. "पण आता म्या आयकलं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे तं पुस्तकात हाय," हे पुटपुटले. "मीच टाईप केलं हाय. तीन प्रतीत."

"अन् तुमाले ठाऊक नव्हतं?"

"टाईप करताना वाचते कोण?"

मामाजींना राहवलं नाही. ते पुढे सरसावले. "भंतेजी, पोरगी चुकून बोलली जी! कोंबडा माह्यासाठी कापला! मले सकाळी सकाळी लागतेच कोंबडा!"

भंतेजींना हसू आलं. पण त्यांनी मान हलवली. "भात हाय न, मामाजी. मीठ हाय. भरपूर झालं."

मीठ-भात! दोन वर्षांतलं शेवटचं जेवण, आईच्या आठवणीनं भरलेलं ताट समोर, आणि माझ्या घरून मीठ-भात खाऊन जाणार! मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत आत नेलं.

"रडू नोको. काय उरलं हाय ते पाय!"

"अकरा छत्तीस," बाहेरून हे म्हणाले.

पाट्यावर मूठभर दाण्याचं वाटण होतं. वाटीत नारळाचं दूध होतं. पालक होता. कोंबडीत न पडलेलं माशाचं पाणी होतं. (सुकट बाजारातली होती. तिला कोणी भंतेजींसाठी मारलं नव्हतं. हे विचारून खात्री करावी म्हणून मी तोंड उघडलं, तर सासूबाई म्हणाल्या, "चूप!") मी स्टोव्हला पंप मारला. स्टोव्हनं एक उसासा टाकला आणि विझला. पिन घातली तर पिन बर्नरमध्येच तुटली. घरातली चूल मीच लग्नानंतर मोडायला लावली होती. काय तर म्हणे धूर होतो!

"अकरा बेचाळीस!"

"वेळ सांगू नका!" मी आतून किंचाळले.

"अवं इकडं आन!" भिंतीपलीकडून आवाज आला. शेवंताबाई! कधी दारातून निघून आपल्या घरी पोचल्या कोण जाणे. त्यांची चूल धडधडत होती. त्यावरचा वरणाचा गंज त्यांनी खाली उतरवून ठेवला होता. "पाहून काय राहिली? दे इकडं!"

कंबरेएवढ्या भिंतीवरून पाटा-वरवंटा सोडून सगळं गेलं. वाटण गेलं, दूध गेलं, माशाचं पाणी गेलं, चिंच-गूळ गेला, मग मी गेले. लुगडं भिंतीच्या खिळ्यात अडकून टर्रकन फाटलं. सासूबाई पलीकडून ओरडून सांगत होत्या, शेवंताबाई ढवळत होत्या, मी फुंकत होते आणि खोकत होते. शेवंताबाईंनी माझ्या डोळ्यांदेखत आपल्या डब्यातलं तिखट त्यात टाकलं.

"तिखट पडलं हाय त्याच्यात!" मी म्हटलं.

"चूलही माही, तिखटही माहं!"

"अकरा एक्कावन्न!"

ताट पुढे गेलं. पालक, दाण्याचा रस, भात. भंतेजींनी घास घेतला. आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे. सगळ्यांचे कान मिलकडे. भंतेजींनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

सासूबाईंचाही बांध फुटला. मामाजी नाक ओढायला लागले. ह्यांनी जड आवाजात विचारलं, "आई आठवली, भंतेजी?"

भंतेजी तांब्याभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "भल्लं तिखट हाय!"

शेवंताबाई वर छताकडे बघायला लागल्या. पण भंतेजी थांबले नाहीत. नाक पुसत, पाणी पीत, एकेक शीत वेचून त्यांनी ताट साफ केलं. बोट पुसून शेवटचा रस घेतला आणि ताट बाजूला सारलं. मी मनात दहापर्यंत मोजलं नसेल, तोच भोंगा झाला. आयुष्यात मी इतका गोड आवाज ऐकलेला नाही.

हात धुऊन भंतेजी बसले. "माय बी असंच करते," ते म्हणाले. "असंच तिखट."

"पण कोंबडी राहिली, भंतेजी," मी रडत म्हटलं. "तुमच्या आईची कोंबडी!"

"कोंबडी?" ते हसले. "आमी गरीब मानसं, ताई. कोंबडी वर्षातून एकडाव. बाकी दिवस माय फल्लीचा रस पालकावर टाकून देत जाय. मले त्याचीच आठवन येत होती. सायबानं कागदावर कोंबडी लिवली असन."

सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे घड्याळाकडे बघत राहिले. कोंबडा मग मामाजींनी, ह्यांनी आणि (तीन वेळा वाढून घेऊन) शेवंताबाईंनी खाल्ला.

भंतेजी निघाले, सगळे पाया पडले. मला इतका आनंद झाला होता, इतका की कोणाला तरी काहीतरी सांगितल्याशिवाय राहवेना. "भंतेजी," मी म्हटलं, "त्या रसात आम्ही काय टाकलं होतं सांगू का, ते सु..." पुढचा शब्द बाहेर पडायच्या आत सासूबाईंचा तळवा माझ्या तोंडावर बसला आणि भंतेजी गल्लीच्या टोकाला दिसेनासे होईपर्यंत तिथेच राहिला.

दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी अंगणात नवी चूल घातली. तेव्हापासून आमच्याकडे कोणत्याही भंतेजींचं भोजनदान असलं की ते पाटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत माझी जागा त्या चुलीपुढे. हातात फुंकणी देऊन सासूबाई म्हणत, "फुंकत राय." पुढे घरात गॅस आला, चूल गेली. पण भंतेजी दारात दिसले की सासूबाई फुंकणी काढून माझ्या हातात देत आणि मी गॅसच्या शेगडीपुढे उभी राहून मुकाट्यानं फुंकत राही!